सँटोरिनीच्या चुंबळी

इंजिनरूम | शनिवार, रात्री १०:१२

फेब्रुवारीत सँटोरिनी या ग्रीक बेटावर कुणी जात नाही. निळे घुमट, पांढऱ्या भिंती, सूर्यास्तासमोर हात पसरून उभी राहिलेली नवी जोडपी, हा सगळा मे ते ऑक्टोबरचा मामला. मी गेलो कारण २०२४ च्या फेब्रुवारीत कागदपत्रांपायी पिरेअस बंदरात अडकलो होतो आणि मधे शनिवार-रविवार आडवा आला. तीस वर्षं ग्रीक मालकांच्या जहाजांवर इंजिनं सांभाळली. या बेटाच्या शेजारून रात्री-अपरात्री कितीदा गेलो असेन, पाय कधी लावला नव्हता. म्हटलं चला, बोटीचे आठेक तास, निदान एकदा प्रवासी म्हणून बसू.

हॉटेलं बंद, दुकानांना फळ्या ठोकलेल्या. मग चालत सुटलो. मेगालोखोरी गावाबाहेर राखाडी-पांढुरकी भुसभुशीत जमीन लागली, पायाखाली चुरमुऱ्यासारखी वाजणारी. तिच्यावर दोन-तीन पावलांच्या अंतराने काळपट काड्यांच्या चुंबळी पडलेल्या. खरंच चुंबळी. आजी हंडा डोक्यावर घ्यायच्या आधी जुन्या लुगड्याची वळायची ना, तशाच. फक्त परातीएवढ्या. मला वाटलं कोळ्यांचं काहीतरी सामान टाकून दिलंय.

पुढे एक म्हातारेबुवा जमिनीवर गुडघे टेकून बसलेले दिसले. हातात कात्री, कमरेला छोटी करवत. ते एका चुंबळीतून वाळकी काडी उपटत होते आणि दुसरी, बोटाएवढी जाड काडी गोल फिरवून तिच्यात खोवत होते. द्राक्षाची वेल होती ती! ना मांडव, ना तार, ना खांब. वेल जमिनीवर मांडी घालून बसलेली.

माझं ग्रीक म्हणजे इंजिनरूममधल्या शिव्या आणि वर पन्नासेक शब्द. बाकी फोनच्या अनुवादकाने भागवलं. या चुंबळीला ते ‘कुलुरा’ म्हणतात. ग्रीसमध्ये रस्त्यावर तीळ लावलेली कडं मिळतात, त्यांचंही नाव याच शब्दावरून. दर हिवाळ्यात छाटणी करायची, राखलेल्या काड्या जुन्या कड्यावर गोल विणायच्या. वर्षागणिक कडं उंच होत टोपली बनते. उन्हाळ्यात फुटवा बाहेरून वर येतो, पानं झाकण घालतात आणि घड टोपलीच्या आत, पोटात लटकतात. बाहेर ‘मेल्तेमी’ नावाचा उत्तरेचा वारा दिवसेंदिवस सुटलेला असतो, वाळू उडवत. तार बांधून वेल उभी केली तर कोवळी फूट मोडते आणि मणी वाळूने घासून निघतात.

पाऊस वर्षाला साधारण ३७० मिलिमीटर, तोही हिवाळ्यात. मे ते सप्टेंबर आभाळ कोरडं ठणठणीत. पारंपरिक मळ्यांना सिंचन नाही. रात्री समुद्रावरून धुकं आणि दमट हवा येते, जमिनीतला प्युमिस, म्हणजे ज्वालामुखीचा हलका सच्छिद्र दगड, ती शोषून घेतो. टोपलीच्या आतली सावली थोडी ओल धरून ठेवते. एवढ्यावर वेल जगते आणि ऑगस्टच्या सुरुवातीला द्राक्षं तयार. मुख्य जात ‘असिर्तिको’, पांढरी.

टोपली पंचाहत्तर-ऐंशी वर्षांची झाली की थकते, घड कमी येतात. मग तिला जमिनीलगत करवतीने कापतात. वेल मरत नाही. त्याच जुन्या मुळातून नवी फूट येते, तिची पुन्हा चुंबळ वळायला घ्यायची. म्हातारेबुवांनी आपल्या समोरच्या वेलीकडे बोट दाखवून सांगितलं, ही माझ्या आजोबांनी कापली होती.

इथे नाशिक-सांगलीचे द्राक्षवाले आहेत, भूगर्भवाले आहेत. भर घाला. मला बॉयलर कळतो, वेल कळत नाही.

पाटीवरची_धूळ | शनिवार, रात्री १०:४०

चुंबळ! किती वर्षांनी वाचला हा शब्द. फोटो हवेतच.

इंजिनरूम | शनिवार, रात्री १०:५१

अनुवादकाने फोनची बॅटरी खाल्ली हो. तीन फोटो आलेत आणि त्यातल्या दोनांत माझा अंगठा आहे.

निफाडचा_नाना | रविवार, पहाटे ५:४८

इंजिनसाहेब, लेख वाचून रात्री झोप नाही. शंका विचारतो, राग मानू नका.

एक, काड्या अशा गोल गुंडाळल्या तर काडीच्या डोळ्यावर (कळीवर) ऊन पडणार कसं? आमच्याकडे एप्रिलच्या खरड छाटणीनंतर सगळी धडपड त्याचसाठी असते. काडीवर ऊन नाही पडलं तर सूक्ष्म घडनिर्मिती होत नाही, मग ऑक्टोबरला गोडी छाटणी केली की नुसता पाला आणि बाळी (तणावे). दोन, घड टोपलीच्या आत, वरून पानं, खाली जमीन, हवा खेळणार कुठून? आमच्याकडे असं केलं तर डाऊनी आणि भुरी हे बुरशीचे रोग मिळून आठवड्यात बाग खातील. तीन, एकरी माल किती? चार, खुंट (ज्या मुळावर कलम बांधतात तो) कोणता?

उगाच_एक | रविवार, सकाळी ९:०५

चांगलं लिहिलंय, पण ‘आजोबांनी कापली होती’ वगैरे पर्यटकांना ऐकवायच्या गोष्टी. बाटलीवर ‘शेकडो वर्षं जुन्या वेली’ छापलं की किंमत दुप्पट. मुळाच्या वयाचा दाखला कुठल्या तलाठ्याकडे मिळतो?

(दारूवर एवढा मोठा धागा चालतो आणि माझा ताकावरचा धागा सात प्रतिसादांत मेला, याची नोंद घ्यावी.)

काळा_कातळ | रविवार, सकाळी ११:२०

नानांच्या चौथ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्यात सगळं बेट आहे. खुंट कोणताच नाही. वेली स्वतःच्या मुळावर उभ्या आहेत. सॉरी, बसल्या आहेत.

१८६० च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या वेलींबरोबर फिलॉक्सेरा नावाची बारीक कीड युरोपात शिरली. ती मुळं खाते. फ्रान्सपासून सुरुवात होऊन जवळपास सगळ्या युरोपातल्या जुन्या बागा त्यात गेल्या, आणि मग अमेरिकी खुंटावर कलम करणं हाच रिवाज झाला. सँटोरिनीत ती कीड टिकलीच नाही. कारण माती. तिथे मातीला ‘आस्पा’ म्हणतात: प्युमिस, राख, लाव्ह्याचे तुकडे, वाळू. चिकणमाती जवळपास नाहीच. ही कीड भेगांतून, मातीच्या फटींतून एका मुळाकडून दुसऱ्याकडे जाते. कोरड्या वाळूत तिची वाटच ढासळते.

आता हे निफाडच्या रानाशी ताडून बघा. दोन्हीकडे ज्वालामुखीच, पण जात वेगळी. आपला दख्खनचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पातळ वाहत आला, थरावर थर बसला. त्या बेसाल्टचं विघटन होऊन काळी चिकण माती झाली. पावसात फुगते, उन्हाळ्यात अशा भेगा पडतात की त्यात मेंढराचा पाय अडकावा. सँटोरिनीचा मॅग्मा सिलिका जास्त असलेला, घट्ट, आत वायू कोंडलेला. तो वाहत नाही, फुटतो. साधारण ३,६०० वर्षांपूर्वी असा फुटला की बेटाचा मधला भाग खाली बसला, तिथे समुद्र शिरला आणि उरलेल्या जमिनीवर प्युमिस-राखेचे कित्येक मीटर जाड थर बसले. अक्रोतिरी नावाचं भरलं गाव त्याखाली गेलं. भिंतीवरच्या चित्रांसकट. १९६७ पासून पुरातत्त्वज्ञ स्पिरिदोन मारिनातोस यांनी ते खोदून काढायला सुरुवात केली.

म्हणजे शेतीच्या हिशेबाने ही माती कालची आहे. सेंद्रिय अंश नगण्य. पालाश (पोटॅशियम) कमी. हा पालाश महत्त्वाचा आहे, त्यावर संध्याकाळी लिहितो. लेकीला क्लासला सोडायचंय.

अवांतर: सुएझ कालव्याच्या बांधकामाच्या काळात याच बेटावरची राख-प्युमिस सिमेंटात मिसळायला पोर्ट सैदला जात होती. खाणींचे उभे पांढरे कडे बेटावर अजून दिसतात.

इंजिनरूम | रविवार, दुपारी १:३०

दिसतात! मला वाटलं होतं चुनखडी आहे.

नाना, डोळ्यांबद्दल मला कळलं ते असं. हिवाळ्यात पानं नसतात आणि उन्हाळ्यात नवी फूट कड्याच्या बाहेर, वरच्या बाजूला फाकते. गुंडाळलेली असते ती जुनी काडी. नव्या फुटीला ऊन मिळतंच, आणि तिथलं ऊन म्हणजे काय विचारता. रोगाबद्दल म्हातारेबुवा हसले. गंधक धुरळतो म्हणाले. मी विचारलं, दुसरं काही? त्यांनी वर आभाळाकडे आणि मग वाऱ्याकडे हात केला. पाऊस नाही, वारा थांबत नाही, बुरशी बसणार कशी?

निफाडचा_नाना | रविवार, दुपारी २:१५

म्हणजे आमचा अर्धा खर्च तिथे नाहीच. खुंट नाही, कलम नाही, ठिबक नाही, तार-अँगल नाही, फवारणी नावाला. माझ्याकडे एका हंगामात ट्रॅक्टर किती वेळा बागेत जातो ते मोजायचं मी सोडून दिलंय. आणि माल?

इंजिनरूम | रविवार, दुपारी २:२२

बसा खाली. बरं साल असेल तर हेक्टरी दोन-तीन टन. वाईट वर्षी टनभरही नाही.

निफाडचा_नाना | रविवार, दुपारी २:२४

हेक्टरी???

एकरी दहा क्विंटल धरा. आमच्याकडे खायच्या द्राक्षात एकरी शंभर क्विंटलला बाग ‘बरी’ म्हणतात. नऊ बाय पाच फुटांवर एकरात ९६८ झाडं बसतात, एका झाडावर दहा किलो आलाच पाहिजे. यांचं अख्ख्या एकराचं उत्पादन माझ्या शंभर झाडांवर निघेल. भाव काय मिळतो?

इंजिनरूम | रविवार, दुपारी २:४०

गेल्या काही वर्षांत किलोला पाच युरोच्या वर गेलाय. ग्रीसमधली सगळ्यात महाग द्राक्षं म्हणतात.

निफाडचा_नाना | रविवार, दुपारी ३:०२

युरो शंभराच्या आसपास धरला तर किलोला पाचशे. हजार किलोचे पाच लाख, एकरी. माझा एक चुलतभाऊ वायनरीला माल देतो, त्याला किलोला पन्नास मिळाले तर तो घरी पेढे आणतो. मग ते पोरं बाग सोडून जाणार नाहीत ना आता?

वऱ्हाडी_ठेचा | रविवार, दुपारी ४:१०

राजेहो, द्राक्षाचं तुम्ही पहा, मी डाळीचं सांगतो. सँटोरिनीची ‘फावा’ म्हणून पिवळी डाळ प्रसिद्ध आहे, तिलाही युरोपचं भौगोलिक नामांकन. नावावरून वाल-घेवडा वाटतो, पण ती निघते लॅथिरस वंशातली, म्हणजे आपल्या लाखोळीची चुलत बहीण! तीच लाखोळी, जिच्या नावाने लोक अजून नाक मुरडतात आणि जिची विक्री आपल्याकडे कितीतरी वर्षं बंद होती, कारण दुष्काळात रोज तेच खाल्लं की पाय लुळे पडतात. तिकडे ती शिजवून, घोटून, वर कांदा आणि ऑलिव्हचं तेल घालून हॉटेलात बशीभर देतात आणि बिल लावतात. पाण्याविना येणारं पीक, दुसरं काय. आमच्या पूर्व विदर्भात धान निघालं की उरल्या ओलीवर फेकतात, तसंच.

पाटीवरची_धूळ | रविवार, दुपारी ४:३३

लाखोळी + सँटोरिनी एका वाक्यात. यासाठीच इथे येते मी.

काळा_कातळ | रविवार, रात्री ८:४५

आता पालाश. नाना, मणी भरायला लागला की तुम्ही काय सोडता?

निफाडचा_नाना | रविवार, रात्री ८:५२

शून्य-शून्य-पन्नास, पालाशचं खत. साखर उतरायला, चकाकी यायला.

काळा_कातळ | रविवार, रात्री ९:३०

तेच. खायच्या द्राक्षाला गोडी पाहिजे, आंबटपणा नको. पालाश मण्यात गेला की टार्टारिक आम्लाशी बांधला जातो, रसाची आम्लता उतरते, पीएच चढतो. वाईन करणाऱ्याला मात्र आम्लता हवी, नाहीतर वाईन मिळमिळीत लागते आणि टिकतही नाही. उष्ण प्रदेशात नेहमीची अडचण हीच: साखर भरेस्तोवर आंबटपणा पळून जातो. आस्पात पालाशच कमी, आणि असिर्तिको ही जात स्वभावानेच आम्ल धरून ठेवणारी. म्हणून भर ऑगस्टात, कडक उन्हात पिकलेलं द्राक्ष साखरेनेही भरलेलं आणि आंबटही. साडेतेरा-चौदा टक्के अल्कोहोल आणि पीएच तीनच्या आसपास, कधी त्याच्याही खाली, ही जोडी फार ठिकाणी बघायला मिळत नाही.

एक सूचना. बाटलीमागे ‘ज्वालामुखीच्या दगडाची चव’ असं लिहिलेलं असतं. मूळ दगड चाटत नाही. ते पाण्यात विरघळलेले क्षार घेतं, आणि त्या क्षारांची चव ग्लासात दगड म्हणून उतरत नाही. मातीचा परिणाम आडवळणाने येतो: पाणी किती, पालाश किती, मूळ किती खोल, मणी किती बारीक. मी भूगर्भाचा माणूस असूनही हे म्हणतोय, त्यामुळे खरं समजा.

उगाच_एक | रविवार, रात्री ९:४१

अखेर कुणीतरी शहाणं बोललं. मग ‘तेर्वार’, म्हणजे वाईनला जमिनीची चव असते म्हणणाऱ्या शब्दाचा, निकाल लागला म्हणायचा?

ॲडलेडची_आजी | सोमवार, पहाटे ४:१५

निकाल लावण्याआधी माझं ऐका. आमच्या दक्षिण ऑस्ट्रेलियात क्लेअर व्हॅलीत जिम बॅरी नावाची वायनरी आहे. त्यांच्यातल्या पीटर बॅरींनी २००६ साली सँटोरिनीला ही वाईन चाखली आणि वेल इकडे आणायचा ध्यास घेतला. रोगमुक्त काड्या आणून, विलगीकरणात ठेवून, वाढवून, बाजारात बाटली यायला २०१६ चं पीक उजाडलं. इथे ती रीतसर तारेवर उभी असते.

जावयाने दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून मला पाजल्या (मी अर्धा-अर्धा घोट घेतला, देवाशप्पथ). आंबटपणा दोन्हीत ओळखीचा, लिंबू पिळल्यासारखा. पण बेटावरचीला मागून एक खारट कड येते, कैरी-मीठ खाल्ल्यावर जिभेच्या कडेला उरते तशी. आणि ती जाडसर लागते. इथली स्वच्छ, छान, पण ती कड नाही. आता ते दगड नाही म्हणतात तर नसेल. समुद्राचं मीठ पानांवर-मण्यांवर बसतं त्याचं असेल, कमी पाण्याचं असेल. काहीतरी आहे खरं. माझी कोकणातली आई म्हणायची, आंब्याचं कलम कुठेही न्या, खारा वारा कुठून आणणार.

इंजिनरूम | सोमवार, सकाळी ७:५०

आजी, नमस्कार घ्या. त्या अर्ध्या घोटावर एक स्वतंत्र धागा झाला पाहिजे.

निफाडचा_नाना, काल तुम्ही विचारलंत पोरं बाग सोडतात का. सोडतात. त्या म्हातारेबुवांची दोन्ही मुलं हॉटेलात. अख्खं बेट ७६ चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि त्यात हॉटेल, व्हिला, तरणतलाव, भाड्याच्या गाड्यांची गोदामं. कड्यावरून समुद्र दिसणारा जमिनीचा तुकडा द्राक्षाने कधीच कमावणार नाही एवढे पैसे एका सहीत देतो. आता हजार-बाराशे हेक्टर मळे उरलेत म्हणतात. त्यातले कित्येक तुकडे आपल्या वाटणीच्या गुंठ्यांसारखे, इकडे चार तिकडे सहा.

आणि छाटणारे हात मिळत नाहीत. तारेवरच्या बागेत नवखा माणूस दोन दिवसांत शिकवता येतो. इथे प्रत्येक टोपली वेगळी. कुठली काडी ठेवायची, कुठल्या बाजूने वाकवायची, वारा कुठून येतो, हे सगळं गुडघ्यावर बसून ठरवायचं. म्हातारेबुवांना एका वेलीला वीसेक मिनिटं लागत होती. नंतर उठताना त्यांनी माझ्या खांद्याला धरलं.

निफाडचा_नाना | सोमवार, सकाळी ८:१०

हे मात्र अगदी आमच्यासारखं. आमच्याकडे छाटणीला पेठ-सुरगाण्याच्या टोळ्या येतात. टोळी आठ दिवस उशिरा आली तर सगळी तारीख ढासळते. पण आमची टोळी एकाच मापाने कापते, सगळी झाडं एकसारखी. वेलीगणिक डोकं चालवायचं म्हटलं तर मीसुद्धा वीस झाडांनंतर घरी जाईन.

सातव्या_मजल्यावरून | सोमवार, दुपारी १२:२५

थोडा इतिहास जोडते, म्हणजे हॉटेलांनाच सगळं पाप लावणार नाही आपण. ९ जुलै १९५६ ला त्या भागात मोठा भूकंप झाला, वर सुनामी. घरं कोसळली, माणसं मेली, आणि पुढच्या काही वर्षांत बेट मोठ्या प्रमाणात रिकामं झालं. लोक अथेन्सला गेले ते गेलेच. मळे तेव्हाच उताराला लागले, पर्यटक नंतर आले.

मधल्या काळात सावरायचे प्रयत्नही झाले. १९४७ सालचा शेतकऱ्यांचा सहकारी संघ आजही बेटावरचा मोठा खरेदीदार आहे. १९७१ मध्ये सँटोरिनी नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं. पण वाईन बहुतेक जड, उन्हात जास्त पिकवलेली, सुटी विकली जाणारी. १९८० च्या दशकाअखेरीस बुतारी या मोठ्या कंपनीने बेटावर आधुनिक वायनरी काढली, तोडणी लवकर करून, थंड तापमानात आंबवून, कोरडी ताजी पांढरी वाईन करून दाखवली. मग पारिस सिगालास (मूळचे गणिताचे शिक्षक!), हारिदिमोस हात्झिदाकिस अशी माणसं पुढे आली. आज जगातल्या महागड्या हॉटेलांत जी ‘सँटोरिनी’ मिळते तिची ही चव पस्तीस-चाळीस वर्षांची आहे. हजारो वर्षांची परंपरा वेलीची आहे, ग्लासातल्या चवीची नाही. कुणी गल्लत करू नये म्हणून लिहिलं.

मुरलेला_मोरांबा | सोमवार, दुपारी ३:४०

ताई, जुन्या चवीचा वंशज अजून जिवंत आहे की. विन्सांतो. तोडलेली द्राक्षं बारा-चौदा दिवस उघड्यावर उन्हात पसरतात, मनुका व्हायच्या बेताला आली की चेचतात. त्यातून निघतो तो मधासारखा रस, आंबायला सावकाश, मग कमीत कमी दोन वर्षं लाकडी पिंपात. रंग काकवीचा. गोड असते पण आंबटपणामुळे तोंडात मिठाईसारखी बसत नाही. एके काळी ही जहाजं भरून रशियाला जायची, तिकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये प्रसादाची वाईन म्हणून.

दुसरा प्रकार ‘निक्तेरी’. निक्ता म्हणजे रात्र. दिवसा तोडायचं आणि उन्हाने खराब व्हायच्या आत रात्रीतच चेचायचं, म्हणून हे नाव. आपल्याकडे रात्री गुऱ्हाळ चालतं तसं. पूर्वी हे सगळं ‘कानावा’त व्हायचं, म्हणजे त्याच आस्पाच्या कड्यात कोरलेल्या भुयारी खोल्यांत. बाहेर चाळीस डिग्री, आत गारवा.

उगाच_एक | सोमवार, सायंकाळी ६:०२

माझा मुद्दा तसाच राहिला. मुळाचं वय.

काळा_कातळ | सोमवार, सायंकाळी ७:२०

हिशेब करा. टोपली पाऊणशे वर्षांनी कापतात. फिलॉक्सेरा नाही म्हणजे बाग उपटायचं कारण नाही. वेल मेलीच तर शेजारच्या वेलीची लांब काडी जमिनीत पुरून तिला मुळं फुटू देतात, ‘कातावोलादा’ म्हणतात, आपलं दाब कलम. म्हणजे नवी वेलसुद्धा जुन्याच वेलीचं अंग. अशा बागेत ‘ही किती वर्षांची’ हा प्रश्नच थोडा चुकतो. बाटलीवरचा आकडा मी शपथेवर मानणार नाही, पण म्हातारेबुवांच्या आजोबांची करवत मात्र मानतो.

उगाच_एक | सोमवार, सायंकाळी ७:२६

बरं. करवत मंजूर.

ॲडलेडची_आजी | मंगळवार, पहाटे ४:४०

तिथे नव्या लागवडी तारेवर करतायत म्हणे? जावई म्हणतो.

इंजिनरूम | मंगळवार, सकाळी ९:१५

काही जण करतायत, आजी. मी एक बघितली, रांगेत, तारेवर, वाऱ्याच्या दिशेचा अंदाज घेऊन. मजूर कमी लागतो, गुडघे वाचतात, लागलं तर नळी टाकता येते. मी आधी नाक मुरडलं, मग गप्प बसलो. मला दोन दिवसांनी विमान होतं, त्यांना तिथेच राहायचंय. गेल्या काही वर्षांत हिवाळ्यातला पाऊस कमी झाला, वसंतात वाऱ्याने फूट मोडली, वर उष्णतेच्या लाटा. माल इतका घटला की भाव चढूनही हाती काही उरेना. मी येऊन गेलो त्याच्या पुढच्याच वर्षी, २०२५ च्या फेब्रुवारीत, भूकंपांची मालिका सुरू झाली आणि हजारो लोक बोटी पकडून बेट सोडून गेले. ऐन छाटणीचे दिवस. बातम्यांत रिकामे रस्ते दाखवत होते आणि मी मनात मेगालोखोरीच्या रानात कुणी बसलंय का ते शोधत होतो.

सातव्या_मजल्यावरून | मंगळवार, सकाळी १०:०५

इटलीचं पांतेलेरिया बेट आठवलं. तिथे टोपली नाही, उलट वेल खड्ड्यात लावतात आणि बुटकी राखतात, वारा डोक्यावरून जावा म्हणून. २०१४ मध्ये युनेस्कोने त्या लागवडीच्या पद्धतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. वेल नाही, वाईन नाही, पद्धत. म्हणजे वाकलेली पाठ.

काळा_कातळ | मंगळवार, सकाळी १०:४०

इथे मी थोडा मागे येतो. माती, पालाश, धुकं हे सगळं मी परवा मोठ्या तोऱ्यात सांगितलं. पण त्याच आस्पात तारेवरची वेल लावली तर मेल्तेमी तिला फोडतो. म्हणजे ही माती ‘द्राक्षाची’ झाली ती कुणीतरी वेल खाली बसवली म्हणून. मी मातीच्या नकाशात हात कुठे दाखवू?

निफाडचा_नाना | शुक्रवार, रात्री ९:५०

मंडळी, रिपोर्ट देतो. विहिरीजवळ चार वर्षांपूर्वी खुंटावर कलम मेलेली तीन झाडं होती, खालून डॉगरिज खुंटच फुटलेला, काढायची राहून गेलेली. म्हटलं यांचीच चुंबळ वळून बघू. बुधवारी बसलो. पहिली काडी कडाक्कन मोडली. दुसरी अर्ध्यात मोडली. इंजिनसाहेब, ते बाबा वाकवताना नेमकं काय करत होते?

इंजिनरूम | शुक्रवार, रात्री १०:०८

थांबा, आठवतो. सरळ वाकवत नव्हते. आधी काडी दोन्ही हातांत धरून पीळ द्यायचे, ओला टॉवेल पिळतो तसा, पण हळू. आतून बारीक चरचर आवाज आला की मगच गोल फिरवायचे. मला पण एक दिली होती. मी जोरात पिळली, त्यांनी हातावर चापट मारली.

निफाडचा_नाना | शनिवार, सकाळी ७:३५

चरचर ऐकू आली. वळली. बाभळीच्या सालीने बांधून ठेवलीय. फोटो दुपारी टाकतो. घरची मंडळी म्हणतात, यात आता कोंबडी बसवा.